होसोदाबाई आणि बुधवारचा डाव

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, मला मत्स्य विभागातून उचलून आरोग्य केंद्रात नेऊन बसवलं. तोवरचं माझं सगळं आयुष्य म्हाकूळ किती मिळाला, खेकड्याचा हंगाम कधी उघडायचा, समुद्री गवत कुणी चोरून कापलं, असल्या कामांत गेलेलं. पण आरोग्य केंद्रात माणसं पुरेनात, म्हणून प्रत्येक खात्यातून एकेक जण मागवला होता. रस्ते खात्यातला एक, ग्रंथालयातली एक आणि मत्स्य विभागातला मी. प्रमुख डॉक्टरांनी माझ्यापुढे एक टेलिफोन ठेवला, शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तोगावा-सान, होसोदा-सान सांगतील तसं करायचं."

होसोदाबाईंना आमच्या ओकिनोउरा गावात कोण ओळखत नव्हतं? कुनिए होसोदा. साठीला आलेल्या, बुटक्या, गोल चेहऱ्याच्या आणि हसल्या की आवाज थेट खालच्या पार्किंगपर्यंत. त्यांची आई समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची. पाण्याखालून वर आलं की या बायका तोंडानं लांब शीळ घालून श्वास सोडतात. ती शीळ ऐकतच होसोदाबाई मोठ्या झाल्या. फुप्फुसं आईकडूनच आली असणार. तरुणपणी आरोग्यसेविका म्हणून लागल्या तेव्हा सायकलच्या मागे बाळं तोलायचा काटा बांधून वाडीवाडीत फिरायच्या. आज बंदरावर जी दाढीमिशांची माणसं ट्रॉलरवर हुकूम सोडतात, त्यांतल्या निम्म्यांना बाईंनी उघडंनागडं तोललेलं आहे. एखादा फार आवाज करायला लागला की त्या नुसतं म्हणायच्या, "अरे, तू काट्यावर ठेवल्यावर पण असाच ओरडायचास." की तो गप.

त्या मार्चमध्ये बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांचे यजमान हिसाशी-सान शाळेची बस चालवायचे, ते आधीच निवृत्त होऊन बसले होते. दोघांनी मिळून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांतून फिरायचं ठरवलं होतं, हॉटेलंसुद्धा निवडून झाली होती. आणि हे आलं.

आमचं काम सांगायला सोपं होतं. कुणी पॉझिटिव्ह निघाला की त्याला फोन करायचा, ताप यायच्या दोन दिवस आधीपासून तो कुठं गेला, कुणाला भेटला, कुणासमोर मास्क काढून बसला, हे विचारायचं; मग त्या माणसांना फोन करून घरी थांबवायचं आणि त्यांची तपासणी करायची. ऐकून मला वाटलं, यात काय अवघड आहे? पहिलाच फोन मी शेजारच्या गावातल्या एका विमा एजंटाला केला.

"सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ आपण कुठे होतात?"

"घरी."

"मंगळवारी?"

"घरी."

"बुधवारी?"

"घरी म्हणतोय ना! तुम्ही पोलीस आहात का?" त्यानं फोन ठेवला.

बाई शेजारून ऐकत होत्या. त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "तोगावा-सान, तुम्ही चोर पकडायला बसलायत का? त्याला ताप आहे, घसा दुखतोय, आणि आपल्यामुळे सगळ्यांना झालं म्हणून तो आधीच अर्धा मेलाय. द्या इकडे." त्यांनी तोच नंबर फिरवला. आधी घशाची चौकशी केली. घरात कोण जेवण करून देतंय ते विचारलं. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "सोमवारी रात्री काय खाल्लंत हो?"

एजंट म्हणाला, "ओदेन." आणि दोन मिनिटांत त्या गरम रश्श्यातल्या ओदेनच्या मागोमाग ओदेनची गाडी आली, गाडीवर शेजारी उभे असलेले दोन मित्र आले, आणि मित्रांनी नेलेला कराओके बार आला.

"माणूस दिवस विसरतो," फोन ठेवत बाई म्हणाल्या. "कुणाला भेटलो तेही विसरतो. पण काय खाल्लं ते सहसा विसरत नाही. जेवणाच्या मागून माणसं येतात."

तेव्हापासून मीही जेवण विचारायला लागलो. महिन्याभरात मला अख्ख्या जिल्ह्याच्या स्वयंपाकाची माहिती झाली.

आमच्या ओकिनोउरात मात्र डिसेंबर संपेपर्यंत एकही रुग्ण नव्हता. लोक रोगाला भीत होते, पण त्याहून जास्त पहिला व्हायला भीत होते. पलीकडच्या गावात जो पहिला निघाला, त्याच्या दारावर कुणीतरी 'निघून जा' असा कागद चिकटवला होता. ते कुटुंब खरंच घर बंद करून गेलं. म्हणून आम्ही कुणाचं नाव कुणाला सांगत नव्हतो. रुग्णाला सांगायचं नाही त्याच्या संपर्कातल्यांना कधी बोलावलं, संपर्कातल्यांना सांगायचं नाही रुग्ण कोण. घरी जायचं तर गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची आणि तो पांढरा पोशाख दाराच्या आत गेल्यावर अंगावर चढवायचा.

मग तुम्ही म्हणाल, तोगावा, तू आता नावं घेऊन कसं काय सांगतोयस? तर ज्यांची ही गोष्ट आहे त्या दोघांनीच ती गावभर केली आहे. एकानं तर मला बजावलंय की सांगशील तेव्हा माझं नाव आधी घे. दुसऱ्यानंही तेच बजावलंय.

जानेवारीत, बर्फ चांगलं गुडघाभर पडलेलं असताना, पश्चिम वाडीतले तामोत्सु काजितानी तापानं आडवे झाले. मच्छीमार सोसायटीचे जुने अध्यक्ष. पंचाहत्तरी ओलांडलेली, डोक्यावर एक केस नाही, शब्द असा की वाडी त्यावर चालते. शहरात जुन्या मित्राच्या अंत्यविधीला गेले होते, तिथल्या जेवणात लागण झाली असणार. तपासणी झाली, पॉझिटिव्ह. ओकिनोउराचा पहिला रुग्ण.

बाईंनी फोन लावला आणि मला लिहून घेता यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"काजितानी-सान, मी होसोदा. श्वास कसा आहे?"

"कुनि-चान का? श्वास हाय. काय विचारायचं ते विचार लवकर."

"बुधवारी दुपारी काय खाल्लंत?"

"सोबा. सुनेनं केला होता."

"आणि नंतर?"

"नंतर वाळवलेला म्हाकूळ."

"घरीच?"

"नाय. जाळ्यांच्या शेडमध्ये."

"बरोबर कोण होतं?"

"कोण नाय. एकटाच बसलो होतो."

"किती खाल्लात म्हाकूळ?"

"पिशवीभर."

"काजितानी-सान, तुमचे खालचे सगळे दात खोटे आहेत. मीच तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे धाडलं होतं. एकट्यानं पिशवीभर वाळका म्हाकूळ?"

पलीकडून खोकला आला. "कुनि-चान, मी आजारी माणूस हाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मी म्हणालो, "बाईमाणूस असणार कुणीतरी."

होसोदाबाईंना हसू आवरेना. "जाळ्यांच्या शेडमध्ये? त्या वासात? तोगावा-सान, तुम्ही इतकी वर्षं मासळीत काम केलंत आणि हे तुम्हाला रोमँटिक वाटतं?" मग त्या गंभीर झाल्या. "कुणीतरी होतं मात्र. ताप चढलेला असतानासुद्धा ज्याचं नाव घ्यायला लाज वाटते, असं कुणीतरी. आपण दडपण आणलं तर ते अजून आत लपतील. उद्या परत विचारते."

दुसऱ्या दिवशी परत विचारायची वेळच आली नाही. काजितानींना रुग्णवाहिका भोंगा न वाजवता घेऊन गेली होती, पण बर्फातल्या चाकोऱ्या सगळ्या वाडीनं बघितल्याच. सकाळी दहाच्या सुमाराला माझा फोन वाजला.

"नमस्कार," एक जाडसर आवाज म्हणाला. "मी टोकियोहून आलेला एक प्रवासी आहे. मला एक सर्वसाधारण स्वरूपाची शंका विचारावयाची आहे."

मागे घरघर घरघर असा आवाज येत होता. माशाचा लगदा वाटायच्या यंत्राचा. आमच्या गावात ते यंत्र एकाच माणसाकडे आहे: पूर्व वाडीतले कामाबोको, म्हणजे माशाच्या लगद्याच्या वड्या, करणारे गिन्झो उओझुमी. पूर्व वाडीत निम्मी घरं उओझुमींचीच, म्हणून त्यांना सगळे गिन्झो-सान म्हणतात. मी स्पीकर दाबला आणि बाईंकडे बघितलं. त्यांनी पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला, तोंडावर हात ठेवला, आणि मग अत्यंत आदरानं म्हणाल्या, "विचारा ना, प्रवासी-सान."

"समजा, एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याच्या समोर बसला होता. मध्ये शोगीचा पट होता. हे आपले केवळ उदाहरणादाखल. तर समोरचा मनुष्य आजारी असल्यास पहिल्यास तो रोग होऊ शकतो काय?"

"पट नेहमीएवढाच ना?"

"नेहमीएवढाच."

"मग अंतर फारच कमी झालं. मास्क होता का?"

"म्हाकूळ चघळताना मास्क कसा लावणार? म्हणजे... त्या मनुष्यास ते शक्य नव्हते."

"दोघं एकाच पिशवीतून खात होते?"

"एकाच."

"आणि बोलणं किती वेळ झालं दोघांचं?"

"बोलणं?" इथं टोकियो एकदम गळून पडलं. "त्या टकल्याशी मी पंचवीस वर्षांत एक शब्द बोललो नाय!"

आणि हे अगदी खरं होतं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सोसायटीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत काजितानी गिन्झो-सानना थोडक्या मतांनी हरवून निवडून आले, आणि गिन्झो-सान भर सभेत म्हणाले की मतांत काळंबेरं आहे. पुढच्याच महिन्यात काजितानींच्या बोटीनं गिन्झो-सानच्या भावाचं जाळं फाडलं. मुद्दाम की चुकून, त्याची चर्चा अजून चालू आहे. त्या दिवसापासून पश्चिम वाडीतली बाई पूर्व वाडीचा कामाबोको घेत नाही, आणि पूर्व वाडीचा माणूस देवळाच्या जत्रेत पश्चिमेच्या पालखीला खांदा देत नाही. एका न्हाव्याकडे दोघं एकाच वेळी आले तर एक जण न कापताच परत जातो. अर्थात काजितानींना न्हाव्याची गरज उरली नव्हती, पण ते दाढीला जात.

असे ते दोघं गेली काही वर्षं दर बुधवारी जाळ्यांच्या शेडमध्ये शोगी, म्हणजे आमचं जपानी बुद्धिबळ, खेळत होते! एकदा वादळात दोघं तिथं अडकले, जुना पट तिथंच पडलेला होता, आणि तोंडातून शब्द न काढता त्यांनी मोहरे मांडले. तेव्हापासून चालू. एक मागच्या दारानं यायचा, एक पुढच्या. डाव संपला की मान तुकवायची आणि निघायचं. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी बाईंना एवढंच कळलं की म्हाकुळाची उरलेली अर्धी पिशवी कुणी खाल्ली.

"प्रवासी-सान," बाईंनी आवाज जराही बदलला नाही. "घरी तुमच्याबरोबर कोण असतं?"

"बायको."

"तिची छाती कशी आहे हल्ली?"

फोनवर नुसती घरघर राहिली. सेत्सु-सानना दम्याचा जुना त्रास, हिवाळ्यात घरात ऑक्सिजनची नळी लावावी लागते, हे बाईंइतकं कुणाला माहीत असणार? मग यंत्र बंद झालं. त्या शांततेत गिन्झो-सानचा आवाज आला, तो आता अगदी लहान झाला होता.

"कुनि-चान, आता काय करू गं?"

"घाबरायचं नाही. दुकानाचं दार ओढून घ्या. तुम्ही वर माडीवर जा, खिडकी उघडी टाका, खाली उतरू नका. सेत्सु-सानना खालीच राहू दे. मी येतेय."

आम्ही गाडी देवळामागे लावली आणि बर्फातून चालत गेलो. बाईंनी हातात भाजीची पिशवी घेतली होती, त्यात सगळा पोशाख. बघणाऱ्याला वाटावं, कामाबोको घ्यायला चालल्यात. दारातच सेत्सु-सान नळी लावून बसल्या होत्या, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, मास्कवर मास्क लावलेले गिन्झो-सान.

"काय झालंय यांना?" सेत्सु-साननी विचारलं. "सकाळपासून वर जाऊन बसलेत. मला सांगत नाहीत."

"मलाही सांगता येत नाही, सेत्सु-सान," बाई पोशाख चढवत म्हणाल्या. "सांगायचं तर त्यांनीच सांगायचं."

वरून खाकरण्याचा आवाज आला. "सेत्सु. मी दर बुधवारी जायचो ना."

"हं."

"फेरी मारायला नाय जायचो."

"ते मला माहीत आहे." सेत्सु-सानच्या आवाजाला धार आली. "पश्चिम वाडीच्या बाजूला जायचात. मासे विकणाऱ्या कियोनं बघितलंय तुम्हाला. कोण आहे ती?"

"ती?"

"मी इतकी वर्षं गप्प बसले. म्हटलं, म्हातारपणी काय तमाशा करायचा! पण आता तिच्याकडून रोग घेऊन आलात ना? नाव सांगा!"

"काजितानी!" गिन्झो-सान वरून ओरडले. "काजितानी तामोत्सु! शोगी खेळतो मी त्याच्याशी!"

सेत्सु-सानचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, बाईंना वाटलं दम लागला, त्या पुढे धावल्या. पण सेत्सु-सान हसत होत्या. नळी सरकून गालावर आली तरी हसत होत्या. "म्हणजे मी एवढी वर्षं त्या टकल्याच्या नावानं जळत होते? मी नवा कोट घेतला, केस रंगवले, ते काजितानीच्या चढाओढीत?"

तिथं होसोदाबाईंचाही बांध फुटला. पूर्ण पोशाखात, चेहऱ्यावर काच लावून त्या इतक्या हसल्या की काचेवर वाफ धरली आणि नमुना घ्यायला त्यांना थोडं थांबावं लागलं.

गिन्झो-सान पॉझिटिव्ह निघाले. सेत्सु-सान निगेटिव्ह, दुसऱ्यांदा तपासल्या तेव्हाही. बाई रोज त्यांना फोन करायच्या, आणि हिसाशी-सान दारात तांदूळ, टोफू, मुळा ठेवून बेल वाजवून लांब उभे राहायचे. तोवर शहरातल्या रुग्णालयातून विचारणा आली: दोन खाटांची एकच खोली शिल्लक आहे, तुमच्याच भागातला एक वयस्कर रुग्ण तिथं आहे, चालेल का? काजितानींनी सांगितलं होतं की कुणालाही आणा, मला फरक पडत नाय. बाईंनी गिन्झो-सानना फोनवर विचारलं.

"कोण हाय तो दुसरा?"

"ते मला सांगता येत नाही."

"टकला हाय का?"

"तेही सांगता येत नाही."

"मग चालेल," गिन्झो-सान म्हणाले.

चार दिवसांनी रुग्णालयातल्या नर्सचा तक्रारीचा फोन. "होसोदा-सान, तुमचे हे दोन आजोबा पडद्याच्या दोन बाजूंनी दिवसभर आकडे ओरडतात. आम्हाला वाटलं तापात बरळतायत. डॉक्टरांनासुद्धा बोलावलं."

झालं होतं असं, की विलगीकरणाच्या खोलीत पट न्यायला परवानगी नव्हती. मग खेळायचं कसं? चाली तोंडी सांगूनच. म्हणजे बोलणं आलं. गिन्झो-सान पहिला दिवसभर गप्प होते. दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून काजितानींनी नुसता घराचा आकडा सांगितला आणि म्हणाले, "प्यादं." पाच मिनिटांनी अलीकडून उत्तर गेलं. पंचवीस वर्षांनंतरचे पहिले शब्द हेच. संध्याकाळपर्यंत उंट कुठं उभा होता यावरून भांडण जुंपलं. पट नसल्यामुळे दोघांच्या डोक्यात दोन वेगळे डाव चालू होते.

मी ते ऐकून पोट धरून हसलो. पण त्याच आठवड्यात काजितानींचा ऑक्सिजन उतरला. नाकावर मोठा मास्क आला, बोलणं बंद झालं. वयाकडे बघता डॉक्टरांनी मुलाला फोन करून ठेवला होता. बाईंचं हसू त्या दिवसांत ऐकू आलं नाही. दुपारी त्या जिन्यानं पार्किंगमध्ये उतरायच्या, एकट्याच उभ्या राहायच्या. मी एकदा खिडकीतून बघितलं, तर त्या ओठ गोल करून लांब शीळ घालत होत्या, बुडी मारून आलेल्या बाईसारखी. मग वर येऊन पुढचा फोन उचलायच्या.

गिन्झो-सान रुग्णालयातून फोन करायचे. स्वतःच्या तब्येतीचं विचारलं की उडवून लावायचे.

"कुनि-चान, त्याची चाल हाय. कालपासून त्याचीच चाल हाय. तो बोलत नाय."

"त्यांना आता दम लागतो. पण ऐकू येतं. तुम्ही बोला त्यांच्याशी."

"काय बोलू? आमचं चालीपलीकडे बोलणं झालेलं नाय."

"मासळीचं बोला. बंदराचं बोला. पंचवीस वर्षांचं साठलेलं काही कमी आहे का?"

मग म्हणे ते बसले बोलत. निवडणुकीचं बोलले, फाटलेल्या जाळ्याचं बोलले, भर सभेत आपण जे बोललो ते बोलायला नको होतं असंही बोलले. मेलेल्या मित्रांची आठवण काढली. कुठल्या वर्षी काय मासळी लागली ते क्रमानं सांगत गेले. नर्स येऊन गप्प बसा म्हणायची, तरी पडद्याकडे तोंड करून बोलतच राहिले. असं सांगता सांगता एका सकाळी ते म्हणाले, "आणि मोठ्या बर्फाच्या वर्षी तारली इतकी लागली, की बोटी बुडायला आल्या."

पडद्यापलीकडून मास्कमधून आवाज आला. "तारली नव्हती. बांगडा होता."

नर्सनं तो फोन आम्हाला स्वतःहून केला. बाईंनी ऐकलं, रिसीव्हर खाली ठेवला, आणि त्यांच्या हसण्यानं रस्ते खात्यातला आमचा सोबती दचकून उभा राहिला. "तोगावा-सान," त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मत्स्य विभागाचे ना? काय होतं हो त्या वर्षी?" मी जुन्या खात्यात फोन करून विचारलं. बांगडाच होता. बाई म्हणाल्या, "गिन्झो-सानना सांगू नका."

दोघं बरे होऊन आले खरे, पण गावात वेगळंच शिजत होतं. पूर्व वाडी म्हणायची पश्चिमेनं रोग आणला, पश्चिम वाडी म्हणायची पूर्वेनं. काजितानींच्या सुनेला दुकानात कुणी पुढे येऊ देईना. गिन्झो-सानचा कामाबोको तर पडूनच राहिला. कुणीतरी त्यांच्या शटरवर चिखल फेकला. बाईंना मी रागावलेलं तेव्हाच एकदा बघितलं. टेबलावर दोन्ही हात आपटून म्हणाल्या, "आणि मला तोंड उघडता येत नाही!" त्या खरंच काही करू शकत नव्हत्या. कोण आजारी होतं हे सांगणं तर दूरच, कोण नव्हतं हेही त्यांना सांगता येत नव्हतं.

ते काम त्या दोघांनीच केलं. फेब्रुवारीत एक छान उन्हाचा दिवस पडला. लिलावाच्या वेळी, म्हणजे दोन्ही वाड्या बंदरावर असतात तेव्हा, गिन्झो-सान खांद्यावर घडीचं टेबल घेऊन आले आणि काजितानी पट घेऊन. सोसायटीच्या दारासमोर, सगळ्यांच्या वाटेत, त्यांनी ते मांडलं. मास्क लावून, टेबलाच्या दोन टोकांना खुर्च्या लांब ओढून बसले. लिलाव थांबला. मी त्या दिवशी जुन्या खात्याच्या खेकड्याच्या कामाला तिथं आलो होतो, म्हणून मला हे प्रत्यक्ष बघायला मिळालं.

"कोणाला झाला, कोणाला झाला, असं विचारत फिरताय ना?" गिन्झो-सान गरजले. "मला झाला. याच्याकडून."

"आणि मला शहरातल्या अंत्यविधीच्या जेवणात," काजितानी म्हणाले. "कोळंबी चांगली होती तिथली."

"अजून कोणाला काय विचारायचंय?"

कोरोनाचं सगळे विसरूनच गेले होते. तोंडं उघडी पडली होती ती हे दोघं एकमेकांशी बोलतायत म्हणून. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगं बाई, बोलतात की!" काजितानींनी खिशातून कागदात गुंडाळलेला कामाबोको काढला, बाजूला तोंड करून मास्क खाली ओढला, सगळ्यांदेखत एक तुकडा खाल्ला. दोन्ही वाड्या बघत होत्या.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"पंचवीस वर्षांनी खातोयस, तुला काय कळतंय?" गिन्झो-सान म्हणाले, आणि पुढची चाल केली.

त्या दुपारी दुकानात पश्चिम वाडीच्या बायका मीठ खरंच कमी आहे का ते बघायला आल्या. संध्याकाळी सेत्सु-साननी सगळं संपलं म्हणून पाटी लावली.

त्याचा आम्हाला जो उपयोग झाला तो पुढच्या लाटेत कळला. इतर गावांत माणसं तोंड उघडत नव्हती. ओकिनोउरात मात्र कणकण वाटली तरी लोक आपणहून फोन करायचे. "होसोदा-सान, ऐका, मी काल कुठं कुठं गेलो ते सांगतो, लिहून घ्या," असं म्हणून जेवणापासून सुरुवात करायचे, बाईंना विचारायलाही लागायचं नाही. एकानं तर मेहुणीच्या स्वयंपाकावर इतकी टीका केली की बाईंनी त्याला सांगितलं, हे मी लिहून घेत नाही.

बाई त्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या नाहीत. अजून एक वर्ष थांबा म्हणून विनंती झाली, त्या थांबल्या. हॉटेलं रद्द केली. हिसाशी-साननी नुसता नकाशा घडी घालून ठेवला. लस आली तेव्हा शाळेच्या व्यायामगृहात बाई ओळीच्या तोंडाशी उभ्या असायच्या आणि बंदरावरच्या धिप्पाड गड्यांना सुई टोचताना म्हणायच्या, "रडू नकोस हं." त्या हसल्या की ओळीच्या शेवटापर्यंत कळायचं, आत काय चाललंय.

पुढच्या वर्षी त्यांच्या निरोपाची वेळ आली तेव्हा मोठाच पेच झाला. पूर्व वाडी म्हणाली मेजवानी आमच्या सभागृहात होणार, पश्चिम वाडी म्हणाली आमच्या. तोडगा काढायला काजितानी आणि गिन्झो-सान यांची समिती नेमली. आता ते बोलत होते ना, त्यामुळे भांडायला काही अडचण उरली नव्हती. तीन बैठका झाल्या, तिन्ही शोगीच्या पटावर, आणि तिन्हींत काही ठरलं नाही. शेवटी बाईंना विचारायचं ठरलं आणि मला त्यांच्या घरी पाठवलं.

दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दोघं पहाटेच गाडीनं गेले, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला, परत कधी येणार ते सांगून गेले नाहीत. "फोन लावू का?" मी विचारलं. शेजारीण म्हणाली, "फोन इथंच आहे. माझ्याकडे ठेवून गेल्यात, वाजला तर उचलू नका म्हणाल्यात."

मेजवान्या शेवटी दोन्ही वाड्यांत झाल्या. बाई नव्हत्या, म्हणून आरोग्य केंद्रातर्फे दोन्हीकडे मलाच बसावं लागलं. पश्चिमेला खेकडा होता आणि पूर्वेला, अर्थातच, कामाबोको. मीठ आता बरोबर असतं.